डोंगरातली गाईडसह पायी सहल : डोंगराला इजा न करता कशी आखावी, कशी पार पाडावी

गाईडबरोबर केलेल्या पायी सहलीत डोंगराचं किती नुकसान होणार, हे बरंचसं पहिलं पाऊल पडण्याआधीच ठरलेलं असतं. गटात किती माणसं घेतली, कोणता महिना निवडला, पायथ्यापर्यंत कशाने पोचायचं, मुक्काम कुठे आणि शौचाची सोय काय, या पाच गोष्टी चुकल्या तर पुढे वाटेवरचे कागद वेचून फारसं काही साधत नाही. म्हणून इथे आखणीला जास्त जागा दिली आहे. लेख मुख्यतः सहल आखणाऱ्या आणि नेणाऱ्या माणसांसाठी आहे, पण पैसे भरून जाणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल. काय विचारायचं हे माहीत असलं, की उत्तरातली पोकळी लगेच लक्षात येते.

गट किती मोठा असावा

आठ ते दहा सहभागी आणि दोन गाईड, म्हणजे एकूण बाराच्या आत. यापेक्षा मोठा गट घेऊ नका. एक गाईड पुढे, एक शेवटी. मधल्या माणसांना दोघांपैकी एक तरी दिसत राहतो, त्यामुळे कोणी चुकून आडवाटेला लागत नाही आणि मागे पडलेला माणूस घाईघाईने वळणं तोडत खाली उतरत नाही.

मोठ्या गटाचा त्रास माणसांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो. सहा माणसं विश्रांतीला एका खडकावर बसतात. वीस माणसांना तो खडक पुरत नाही, म्हणून उरलेले गवतावर पसरतात. समोरून कोणी आलं की सहा जण वाटेच्या कडेला थांबू शकतात, वीस जणांची रांग मात्र वाटेखाली उतरते आणि वाट रुंद होते. वीस जणांचे वीस तंबू लावायला सपाट, मोकळी, झाडोऱ्याविना जागा डोंगरात क्वचितच मिळते. गटाचे दोन भाग करून दहा मिनिटांच्या अंतराने सोडणं हा उपाय नव्हे, कारण संध्याकाळी दोन्ही गट त्याच जागी येतात. दुसरा गट दुसऱ्या दिवशी सोडा, नाहीतर वेगळ्या वाटेने न्या.

काही ठिकाणी ही मर्यादा कायद्यानेच घातलेली आहे. पेरूमधल्या इंका वाटेवर दिवसाला ५०० जणांनाच प्रवेश मिळतो. त्यात गाईड आणि हमालही मोजले जातात. दर फेब्रुवारीत ती वाट डागडुजीसाठी बंद असते. उत्तराखंडमध्ये २०१८ साली उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि तिथे येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा आणली. जिथे असा नियम आहे तिथे परवाना आधी काढा, सहलीची जाहिरात नंतर करा. उलट क्रम लावला की शेवटच्या आठवड्यात परवान्याशिवाय जायचा मोह होतो.

हंगाम आणि वाट

बर्फ वितळल्यावर आणि मोठ्या पावसानंतर माती पाण्याने भरलेली असते. अशा मातीवर बूट पडला की ती दबते, तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या बंद होतात, पाणी मुरायचं थांबून वरून वाहू लागतं. पुढच्या पावसात तीच वाट ओहोळ बनते. म्हणून बर्फ वितळून माती कोरडी व्हायला पुरेसे दिवस गेलेले असतील असा काळ निवडा. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा आणि पिल्लं देणाऱ्या जनावरांचा हंगाम त्या भागातल्या वनविभागाकडून किंवा उद्यानाच्या कार्यालयाकडून विचारून घ्या, आणि त्या आठवड्यांत त्या पट्ट्याकडे फिरकू नका.

वाट निवडताना एक संशोधन ध्यानात ठेवण्याजोगं आहे. अमेरिकी वनसेवेतले संशोधक डेव्हिड कोल यांनी पायदळी तुडवल्या जाणाऱ्या वनस्पतींचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यातून पुढे आलेली मुख्य गोष्ट अशी, की बहुतेक नुकसान सुरुवातीच्या थोड्या वापरातच होतं. कोऱ्या गवतावर पहिली काही पावलं पडतात तेव्हा ते झपाट्याने खालावतं. एकदा जमीन उघडी पडली की पुढच्या पावलांनी भर पडते ती थोडीच. यातून गाईडसाठी तीन नियम निघतात.

पहिला : जिथे रुळलेली वाट आहे तिथे सगळ्यांनी तिच्याच मधोमध, एकामागे एक चालायचं, चिखल असला तरी चिखलातूनच. चिखल टाळायला कडेने गेलेली माणसंच वाट दोन मीटरची चार मीटर करतात. त्यासाठी घोट्याच्या वर येणारे बूट आणि गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचं आवरण) ही सामानाच्या यादीतली सक्तीची वस्तू ठेवा. ज्याचे पाय कोरडे राहणार याची त्याला खात्री आहे, तो चिखलातून जायला कुरकुरत नाही.

दुसरा : जिथे वाटच नाही तिथे उलट करायचं. रांग मोडायची, पसरून चालायचं, आणि शक्य तितकं खडक, मुरूम, वाळू किंवा घट्ट बर्फावरून जायचं, म्हणजे एकाच जागी दहा पावलं पडणार नाहीत.

तिसरा, आणि सर्वांत जास्त मोडला जाणारा : जिथे वाट किंवा तंबूची जागा नुकतीच उमटू लागली आहे, गवत जरासं दबलंय पण मेलेलं नाही, ती जागा वापरू नका. ती अजून सावरू शकते. आणखी दोन गट आले की ती कायमची उघडी पडेल. दमलेल्या गटाला नेमकी हीच जागा सोयीची वाटते, कारण 'आधी कोणीतरी राहिलंच आहे'.

उंचावरची वनस्पती फार हळू वाढते. मॉस कॅम्पियन नावाची उशीसारखी पसरणारी छोटी वनस्पती शंभर वर्षांहून अधिक जगू शकते आणि तिला पहिली फुलं यायलाच कित्येक वर्षं लागतात. तिच्यावर पाठपिशवी टेकवणारा माणूस ती शेवाळाची गादी समजून टेकवतो. गाईडने पहिल्याच दिवशी अशी एक-दोन झाडं दाखवून दिली तर उरलेले दिवस लोक आपणहून जपतात.

वेळेचं गणित

वेळ चुकली की पर्यावरणाचे नियमही मोडतात. अंधार पडताना पोचलेला गट पाण्याला लागूनच तंबू ठोकतो, भांडी ओढ्यातच धुतो आणि उतरताना आडवळणं कापतो. म्हणून हे गणित नीट करा.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशोब आजही कामाचा आहे : सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास जास्त. समजा दिवसाची वाट १४ किलोमीटर आणि चढ ९०० मीटर आहे. १४ भागिले ५ म्हणजे २ तास ४८ मिनिटं. चढाचा दीड तास मिळवला की ४ तास १८ मिनिटं. पण हा तरबेज, न थांबणाऱ्या माणसाचा वेळ झाला. मिश्र गटासाठी त्याची दीडपट धरा, म्हणजे साधारण साडेसहा तास. मुक्कामावर सूर्यास्ताच्या किमान तीन तास आधी पोचायचं असेल तर निघायची वेळ त्यावरून मागे मोजा. हे गणित बसत नसेल तर टप्पा लहान करा, वेग वाढवण्याच्या भरवशावर राहू नका.

उंचीचा त्रास टाळायलाही वेळ हाताशी ठेवावा लागतो. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा रात्र काढावी. डोकेदुखीबरोबर मळमळ, थकवा, चक्कर असेल तर वर जाणं थांबवा. चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ दिसला किंवा बसल्या जागी धाप लागली तर त्या माणसाला ताबडतोब खाली उतरवा, रात्र असली तरी. उतरायची वाट, सोबत जाणारा गाईड आणि जवळचं वाहन मिळायचं ठिकाण हे तिन्ही आधी कागदावर असलं पाहिजे. सावकाश चढणारा गट औषधं कमी वापरतो आणि हेलिकॉप्टर क्वचितच बोलावतो.

पायथ्यापर्यंतचा प्रवास

पायी सहलीच्या कार्बन उत्सर्जनाचा सर्वांत मोठा वाटा बहुधा पायथ्यापर्यंतच्या प्रवासाचा असतो, विमान असेल तर हमखास. त्यापुढे कापडी पिशवी आणि बांबूचा ब्रश यांची बचत किरकोळ आहे. आखणीत तीन गोष्टी पाहा. रेल्वे किंवा बसने पोचता येईल असा पायथा निवडा, आणि सहलीची सुरुवात गाडीच्या वेळेनुसार ठरवा. लांबचा प्रवास अटळ असेल तर तीन-तीन दिवसांच्या दोन सहलींऐवजी सात दिवसांची एक करा. आणि जिथून निघालो तिथेच परत येणारी वाट घ्या. एका टोकाला चढून दुसऱ्या टोकाला उतरणाऱ्या सहलीत रिकामी वाहनं डोंगराला वळसा घालून पलीकडे न्यावी लागतात. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंडमधून जाणारी मों ब्लां पर्वताची सुमारे १७० किलोमीटरची प्रदक्षिणा या बाबतीत आदर्श म्हणावी अशी आहे. वाट फिरून मूळ जागी येते, आणि मधल्या खोऱ्यांत बस आणि रेल्वे असल्यामुळे दमलेल्या माणसाला स्वतंत्र गाडी मागवावी लागत नाही.

उत्सर्जनाची भरपाई म्हणून झाडं लावण्याचे पैसे घेतले जात असतील तर ते वेगळ्या रकान्यात ठेवा. आधी प्रवास कमी करा, मग उरलेल्याचं पाहा.

मुक्काम

वाटेवर गावातली घरं किंवा डोंगरी निवारे असतील तर बहुतेक वेळा तेच बरे. पैसा तिथल्या माणसांच्या हातात जातो, शौचालय असतं आणि नवी जमीन तुडवली जात नाही. ऑस्ट्रियाच्या अल्पाइन क्लबने २००८ मध्ये 'गिर्यारोहकांची गावं' असा एक उपक्रम सुरू केला. मोठे रोपवे आणि स्की प्रकल्प न आणता पायी येणाऱ्यांवर जगू पाहणारी गावं त्यात आहेत. पण घर आहे म्हणून प्रश्न संपत नाहीत. पाणी कशावर तापवतात, सांडपाणी कुठे जातं, कोरड्या दिवसांत गावाला स्वतःला पाणी पुरतं का, हे आधी विचारा. झाडं तोडून दहा पाहुण्यांचं अंघोळीचं पाणी तापणार असेल तर गटाला सांगून टाका : अंघोळ एक दिवसाआड, अर्ध्या बादलीत.

तंबूत राहायचं असेल तर हे पाळा :

१. पाण्यापासून आणि वाटेपासून किमान ६० मीटर दूर. मोठ्या माणसाची साधारण ८० पावलं. गाईडने स्वतः मोजावीत. नजरेचा अंदाज नेहमी कमी भरतो.

२. आधीच उघडी पडलेली, कठीण जमीन घ्या. तंबूभोवती चर खणू नका. पाणी साचेल अशी भीती वाटते ती जागाच चुकलेली असते, किंचित उंचवट्यावर सरका.

३. स्वयंपाकाची जागा खडकावर किंवा मुरमावर. मुक्कामात सर्वांत जास्त पावलं तंबूभोवती पडत नाहीत, चुलीभोवती पडतात. कोऱ्या जागेत दोन रात्रींपेक्षा जास्त राहू नका.

४. १० लिटरची घडीची पाणपिशवी ठेवा आणि दोघांनीच जाऊन पाणी आणावं. दहा माणसं बाटली भरायला दिवसात चार-चार वेळा गेली की चाळीस खेपा होतात, आणि दुसऱ्या दिवशी तंबूपासून ओढ्यापर्यंत नवी पायवाट दिसते.

५. मुक्कामावर जड बूट काढून मऊ तळाचे हलके जोडे घाला.

निघताना जागेवर फिरून आडवं पडलेलं गवत हाताने उभं करा, सरकवलेले दगड जागच्या जागी ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

पाणी

चालताना तासाला अर्धा लिटर धरा. दिवसाचं पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी ३ ते ४ लिटर. बारा माणसांनी पाच दिवस रोज ३ लिटर बाटलीबंद पाणी घेतलं तर एक लिटरच्या १८० बाटल्या होतात, आणि उंचावरच्या गावांत त्या बहुधा जाळल्या किंवा दरीत ढकलल्या जातात. म्हणून प्रत्येकाकडे एक लिटरच्या दोन टिकाऊ बाटल्या आणि गटाकडे पाणी शुद्ध करायच्या दोन वेगळ्या पद्धती हव्यात.

उकळणं सर्वांत खात्रीचं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू सुमारे एक अंश सेल्सिअसने उतरतो, म्हणजे ३,००० मीटरवर पाणी साधारण ९० अंशांना उकळतं. जंतू मारायला ते पुरतं, पण इंधन जातं. ०.१ ते ०.२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) छिद्रांची गाळणी जिवाणू आणि परजीवी अडवते, विषाणू मात्र बहुतेक गाळण्या अडवत नाहीत. वरच्या भागात वस्ती असेल तर गाळल्यावर गोळीही टाका. गाळणी भिजलेली असताना गोठली तर आतले तंतू फाटतात, बाहेरून काही कळत नाही आणि ती निकामी झालेली असते. थंडीत ती झोपायच्या पिशवीत घेऊन झोपा.

क्लोरीनच्या गोळीला किमान ३० मिनिटं द्या, पाणी बर्फगार असेल तर त्याहून जास्त. गढूळ पाणी आधी निवळू द्या आणि कापडातून गाळा, कारण मातीच क्लोरीन खाऊन टाकते. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी साध्या क्लोरीनला दाद देत नाही. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळीला त्यासाठी चार तास लागतात. रात्री झोपताना गोळ्या टाकून पाणी भरून ठेवणं सोयीचं पडतं.

शौच

सहलीच्या माहितीपत्रकात हा विषय शेवटच्या ओळीत असतो किंवा नसतोच. डोंगरावर त्याचा भार मात्र सर्वांत जास्त. माणसाचा मल दिवसाला सरासरी सव्वाशे ते दीडशे ग्रॅम धरला तर बारा माणसांच्या पाच दिवसांच्या सहलीत तो साडेसात ते नऊ किलो होतो, आणि खड्डे साठ. हा भार कुठे जाणार हे ठरवल्याशिवाय सहल जाहीर करू नका.

पहिली पसंती बांधलेल्या शौचालयाला. दिवसाचे टप्पे असे पाडा की सकाळ-संध्याकाळ शौचालय असलेल्या जागी जाईल. बहुतेकांची गरज त्यातच भागते.

तशी सोय नसेल आणि जमीन झाडीची, मातीची, ओलसर असेल तर प्रत्येकाने वेगळा खड्डा करायचा. पाणी, वाट आणि मुक्काम तिन्हींपासून ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल, १० ते १५ सेंटिमीटर रुंद. ही खोली सहज ठरवलेली नाही. मातीच्या या वरच्या काळ्या थरात कुजवणारे जीव सर्वांत जास्त असतात. त्याहून खोल गेलं की कुजणं मंदावतं, उथळ राहिलं की जनावरं उकरतात आणि पाऊस उघडं पाडतो. काम झालं की काडीने थोडी माती त्यात कालवायची, मग उरलेली माती ओढून वर झाकण. गटाकडे दोन छोटी खुरपी ठेवा आणि ती कुठे ठेवली आहेत हे सर्वांना सांगा. लाजून कोणी विचारणार नाही आणि दगडाखाली सोडून येईल.

कागद पुरू नका, जाळूही नका. कागद जाळताना वणवे लागलेले आहेत. कागद, ओले रुमाल, पॅड, टॅम्पॉन हे सगळं दुहेरी पिशवीतून परत न्यायचं. आतलं दिसू नये म्हणून बाहेरची पिशवी अपारदर्शक घ्या, आणि आत चमचाभर खाण्याचा सोडा टाकला तर वास कमी येतो. ही पिशवी आयोजकाने प्रत्येकाच्या हातात द्यावी. मासिक पाळीच्या कपाची माहिती महिनाभर आधी पाठवा, वाटेवर तो पहिल्यांदा वापरणं अवघड जातं.

झाडं वाढायची थांबतात त्या उंचीच्या वर, खडकाळ जागी, बर्फावर किंवा वाळवंटी डोंगरात खड्ड्याचा उपयोग नाही. तिथे थंडीमुळे किंवा कोरडेपणामुळे कुजणं जवळपास थांबलेलं असतं. बर्फात पुरलेलं उन्हाळ्यात वर येतं आणि खालच्या गावाच्या पाण्यात जातं. अशा जागी मल परत आणण्याला पर्याय नाही. त्यासाठी घट्ट करणारी पावडर असलेल्या दुहेरी पिशव्या आणि झाकणाचा डबा लागतो. एव्हरेस्टवर २०२४ पासून गिर्यारोहकांना बेस कॅम्पच्या वर अशा पिशव्या वापरून परत आणणं बंधनकारक झालं आहे. किती पिशव्या नेल्या आणि किती भरून आल्या हे मोजलं तरच नियम पाळला जातो.

मोठा सामाईक खड्डा आणि वर तंबू ही पद्धत गटांना सोपी वाटते. ती टाळा. एका जागी एवढा मल मातीला पचत नाही, खोली जास्त असल्याने वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि पुढचा गट तोच खड्डा खणायला घेतो. शौचाचा तंबू हवाच असेल तर खाली खड्ड्याऐवजी पिशवीचा डबा ठेवा.

लघवी झाडपाल्यावर करू नका, खडकावर किंवा उघड्या मातीवर करा. तिच्यातल्या मिठासाठी जनावरं झाडं खातात, माती उकरतात आणि माणसाला चिकटू लागतात. अमेरिकेतल्या ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातून २०१८ ते २०२० या काळात शेकडो माउंटन गोट, म्हणजे बकऱ्यांसारखी डोंगरी जनावरं, दुसरीकडे हलवल्या गेल्या. त्या मुळात तिथल्या नव्हत्याच, पण माणसांच्या घामातल्या आणि लघवीतल्या मिठाला सरावून त्या धीट झाल्या होत्या, हेही एक कारण होतं.

स्वयंपाक, इंधन, कचरा

शेकोटी नको. मेलेलं लाकूड कीटकांचं आणि बुरशीचं घर असतं, आणि उंचावर एक फांदी वाढायला कित्येक वर्षं लागतात. गॅसची शेगडी वापरा. वाऱ्याला आडोसा आणि भांड्यावर झाकण असेल तर एक लिटर पाणी उकळायला साधारण १२ ते १५ ग्रॅम गॅस लागतो, उघड्या वाऱ्यात सहज दुप्पट. नुसत्या ब्युटेनचा डबा थंडीत चालत नाही, कारण ब्युटेन शून्याच्या जरा खालीच द्रवरूप होतो. गोठवणाऱ्या रात्री असतील तर प्रोपेन आणि आयसोब्युटेनचं मिश्रण घ्या. आडोसा करताना डब्याभोवती पूर्ण वेढा घालू नका, डबा तापून फुटू शकतो. रिकामे डबे गुपचूप सोडून दिले जातात, म्हणून निघताना प्रत्येक डब्यावर क्रमांक लिहा.

कचऱ्याचं निम्मं काम घरी होतं. धान्य, कडधान्य, सुका खाऊ सगळं मूळ वेष्टनातून काढून धुता येणाऱ्या पिशव्यांत, एकेका जेवणाच्या मापाने भरा. मापात भरलं की उरतं कमी, आणि उरलेलं अन्न हाच डोंगरातला सर्वांत त्रासदायक कचरा आहे. फळांच्या साली 'कुजतील' म्हणून फेकू नका. थंड, कोरड्या उंचीवर त्या महिनोन्महिने पडून राहतात, आणि त्यांच्या नादाने आलेली जनावरं तंबू फाडायला शिकतात.

पाठपिशव्या भरून झाल्यावर सगळी वेष्टनं आणि डबे काट्यावर तोला, परत आल्यावर कचरा तोला. दोन्ही आकडे गटासमोर वाचा. फार फरक पडला तर वाटेत काय सोडलं ते तिथेच विचारता येतं. कचरा पायथ्याच्या गावात टाकू नका. गावाला स्वतःचा कचरा हलवायची सोय नसते. जिथे पुनर्वापराची व्यवस्था आहे अशा शहरापर्यंत तो आणा.

भांडी धुवायचं पाणी गाळून घ्या, खरकटं कचऱ्यात टाका, पाणी ओढ्यापासून ६० मीटरवर पसरून फेका. 'जैवविघटनशील' साबणही ओढ्यात चालत नाही. त्याला कुजवायला मातीतले जीव लागतात. उन्हाचं मलम लावलेल्या अंगाने उंचावरच्या लहान तळ्यात उतरू नका.

सामान वाहणारी माणसं आणि जनावरं

पर्यावरणाची काळजी घेणारी सहल हमालाच्या पाठीवर उभी राहत असेल तर तिचा काही उपयोग नाही. टांझानियातल्या किलिमांजारो पर्वतावर हमालाच्या ओझ्याची मर्यादा २० किलो आहे. नेपाळमध्ये पर्यटकांच्या हमालांसाठी ३० किलो. वजन निघताना आणि रोज सकाळी काट्यावर करा, कारण वाटेत एखादा हमाल परत गेला की त्याचं ओझं इतरांत वाटलं जातं. हमालांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुपच्या शिफारशी थोडक्यात अशा : हंगामाला साजेसे कपडे आणि बूट, रात्री निवारा, आजारी पडल्यास सहभागींइतकेच उपचार, आजारी हमालाला एकट्याला खाली न पाठवणं, आणि झेपेल इतकंच ओझं. याशिवाय दोन गोष्टी : विमा आणि वेळेवर मजुरी. सहभागींचं सामान माणशी १० ते १२ किलोवर आणा. त्याने हमालही कमी लागतात आणि सगळ्यांचं जेवण-इंधनही.

खेचरं वापरायची असतील तर त्यांचा चारा बियाविरहित असावा, नाहीतर शेणातून परक्या तणाचं बी उंचावर पोचतं. त्यांना झाडाच्या बुंध्याला बांधू नका, साल सोलली जाते. दोन झाडांमध्ये उंच दोर ताणून त्याला बांधा आणि जागा बदलत राहा.

पहिल्या संध्याकाळची बैठक

नियमांची यादी वाचून दाखवू नका. प्रत्येकाच्या हातात खुरपं द्या आणि खड्डा खणून दाखवा. पावलं मोजून ६० मीटर दाखवा. बूट तपासा. तळव्यातली माती आणि बी घरूनच घासून काढायला सांगितलेलं असेलच, तरी तिथे ब्रश आणि जंतुनाशक ठेवा. न्यूझीलंडमधले कौरी वृक्ष बुटांच्या मातीतून पसरणाऱ्या फायटॉफ्थोरा नावाच्या रोगजंतूमुळे मरत आहेत, म्हणून तिथल्या वाटांच्या तोंडाशीच बूट धुण्याची सोय केलेली आहे.

जनावरांपासून किती दूर राहायचं याची सोपी खूण अशी : हात लांब करून अंगठा उभा धरा, जनावर अंगठ्यामागे पूर्ण झाकलं गेलं तर अंतर बरं आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात अस्वल आणि लांडग्यांपासून ९१ मीटर आणि इतर जनावरांपासून २३ मीटर हा लिखित नियम आहे. जनावराने खाणं थांबवून मान वर केली की तुम्ही जास्त जवळ गेलात. ड्रोन आणि स्पीकर पायथ्यालाच ठेवायला लावा. काठीच्या टोकाला रबरी टोपी असेल तर ती धाग्याने बांधा, डोंगरात त्या जागोजाग गळून पडलेल्या सापडतात.

दुसऱ्या कंपनीबरोबर जात असाल तर

पैसे भरण्याआधी लेखी विचारा : गटाची कमाल संख्या किती, आणि तो आकडा भरला तरी वाढत नाही ना? तिसऱ्या रात्रीच्या मुक्कामावर मलाची व्यवस्था काय? हमालाचं वजन कोण, कधी तोलतं? गाईड त्याच भागातले आहेत का, त्यांच्याकडे कोणतं प्रमाणपत्र आहे? मागच्या सहलीत किती कचरा परत आणला? नेमकं उत्तर न देता 'आम्ही निसर्गप्रेमी आहोत' असं लिहून आलं तर दुसरी कंपनी पाहा. प्रमाणपत्राचं चिन्ह दिसलं तर ते प्रमाणित असल्याचं आहे की नुसत्या सदस्यत्वाचं, हे पाहा. ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिल निकष ठरवते आणि प्रमाणित करणाऱ्या संस्थांना मान्यता देते, स्वतः कोणत्याही सहलीला प्रमाणपत्र देत नाही. तसं कोणी सांगत असेल तर सावध व्हा.

परत आल्यावर

आठवड्याच्या आत तीन कामं उरका. बूट, तंबूचे तळ आणि काठ्यांची टोकं घासून पूर्ण वाळवा. मुक्कामाच्या प्रत्येक जागेचे निघताना काढलेले फोटो मागच्या फोटोंशेजारी ठेवून पाहा. उघडी जमीन वाढली असेल तर पुढच्या वर्षी ती जागा यादीतून काढा. आणि वाटेवर धस, कोसळलेला बांध, फुटलेली पाणवाट दिसली असेल तर जागेच्या अक्षांश-रेखांशासह वनविभागाला किंवा उद्यानाला कळवा. पाणी वाटेवरून वाहू लागल्यावर पहिल्याच हंगामात चार दगड आडवे लावले तरी ते वळतं, तीन हंगामांनी तिथे कंबरभर खोल घळ असते.